कोरिंग्याचा मुक्काम

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:७–१२ आणि २८:१–११



पौलाच्या रोमच्या प्रवासावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. त्यात बहुतेक वेळा वादळ येते. चौदा रात्री भरकटलेले जहाज, समुद्रात टाकलेला माल, फळ्यांना धरून किनाऱ्याला लागलेली २७६ माणसे, हे सारे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण त्याच प्रवासात मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर, तीन महिने मुक्काम झाला होता, हे आपल्या लक्षात राहत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्रावर कोणी जहाज हाकारत नसे. हवामान निवळेपर्यंत थांबणे भाग होते. लूकाने त्या तीन महिन्यांना दहाच वचने दिली आहेत. पाऊस आणि थंडी होती म्हणून गावकऱ्यांनी शेकोटी पेटवली. पुब्ल्याने तीन दिवस पाहुणचार केला. त्याचा बाप तापाने आजारी होता, पौलाने त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग इतर आजारी लोकही आले. एवढे सांगून लूक पुढच्या जहाजावर चढतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातही असा एक मुक्काम आहे. तो माल्टाइतका प्रसिद्ध नाही. तो झाला आंध्रच्या किनाऱ्यावर, गोदावरीच्या मुखाशी, कोरिंगा नावाच्या बंदरात, १८१२ सालच्या सप्टेंबरात. थांबले होते एक तरुण पतीपत्नी आणि त्यांचे अजून न जन्मलेले मूल. अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास लिहिताना गॉर्डन हॉल, मुंबई, अहमदनगर, 'ज्ञानोदय' अशी नावे येतात. कोरिंगा क्वचितच येतो. आज त्या मुक्कामाविषयी सांगायचे आहे.

सेलमहून निघालेले जहाज

१८०६ साली अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी प्रार्थनेसाठी जमले असताना पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. आशियात सुवार्ता नेली पाहिजे हा विचार त्या प्रार्थनेत पुढे आला. १८१० साली त्यासाठी 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था स्थापन झाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावातल्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली : अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस.

न्यूएल यांचे लग्न दीक्षेनंतर तीनच दिवसांनी झाले. वधू होत्या मॅसॅच्युसेट्समधल्या हॅव्हरहिल गावच्या हॅरिएट अ‍ॅटवूड. वय अठरा. जडसन यांची पत्नी अ‍ॅन ही त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. १९ फेब्रुवारीला ही दोन जोडपी 'कॅराव्हान' नावाच्या जहाजाने सेलमहून निघाली. हॅरिएटबाईंची आई विधवा होती, मागे भावंडे होती. त्या काळी अशा प्रवासाला निघालेली मुलगी परत येईल अशी आशा कोणी धरत नसे. निरोप कायमचाच असे.

सुमारे चार महिन्यांनी, जूनच्या मध्यावर, जहाज कलकत्त्याला पोहोचले. विल्यम केरी यांनी त्यांना श्रीरामपूरला नेऊन आसरा दिला. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला तेव्हा मिशनरी नको होते. त्यातच, ज्या आठवड्यात हे चौघे कलकत्त्यात उतरले त्याच आठवड्यात अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. ती बातमी भारतात पोहोचायला वेळ लागला, पण कंपनीचा हुकूम मात्र लगेच आला : आल्या जहाजाने अमेरिकेला परत जा.

पुष्कळ विनवण्या झाल्या. शेवटी एवढी सवलत मिळाली की त्यांनी मॉरिशसला, म्हणजे तेव्हाच्या 'इल द फ्रान्स' बेटावर, जायला हरकत नाही. तिकडे निघालेल्या एका जहाजावर दोघांपुरतीच जागा होती. हॅरिएटबाई गरोदर होत्या. त्यांचे बाळंतपण कुठेतरी स्थिर ठिकाणी व्हावे म्हणून ती जागा न्यूएल पतीपत्नीला देण्यात आली. ऑगस्टच्या आरंभी ते निघाले. हॉल, नॉट आणि राइस दुसऱ्या जहाजाने कलकत्त्याला पोहोचले ते त्यानंतर चार-पाच दिवसांनी. चार-पाच दिवसांची चुकामूक झाली, आणि हॅरिएटबाईंची त्या सोबत्यांशी पुन्हा कधी भेट झाली नाही.

उलटा वारा

ऑगस्ट महिना आणि बंगालचा उपसागर हे दोन शब्द एकत्र ऐकले की कोकणातला किंवा गोव्यातला कोणीही दर्यावर्दी मान हलवील. नैऋत्येचा मोसमी वारा तेव्हा भरात असतो. कलकत्त्याहून दक्षिणेला जायचे म्हणजे त्या वाऱ्याच्या तोंडावर जायचे. शिडाच्या जहाजाला वाऱ्यासमोर सरळ जाता येत नाही. ते कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरपे जात थोडे थोडे पुढे सरकते. दिवसभर झगडून जेवढे अंतर कापावे तेवढे प्रवाह रात्रीत मागे नेऊ शकतो. वाफेचे इंजिन या समुद्रात अजून आले नव्हते. वारा हाच धनी होता.

न्यूएल यांचे जहाज सुमारे महिनाभर असे उपसागरातच घुटमळत राहिले. हॅरिएटबाई आजारी पडल्या. पुढे जहाजाला गळती लागल्याचे आढळले. आता बंदर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. कप्तानाने कोरिंग्याकडे तोंड वळवले.

हे बंदर निवडण्याला कारण होते. ओडिशापासून तामिळनाडूपर्यंतच्या त्या किनाऱ्यावर सुरक्षित आसरा फार थोडा. मद्रासलासुद्धा तेव्हा बांधलेले बंदर नव्हते. जहाजे दूर उघड्यावर नांगरत आणि माणसे लहान होड्यांतून लाटा ओलांडत किनाऱ्यावर येत. कोरिंगा मात्र गोदावरीच्या एका फाट्याच्या मुखाशी, यानमजवळ, आत वळलेले होते. तिथे जहाजे बांधली जात, गोदीत घेऊन दुरुस्त केली जात. कलकत्ता सोडले की श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीपर्यंत मोठे जहाज दुरुस्त करण्याची सोय जवळजवळ एवढीच. म्हणून गळक्या जहाजांना हे लहानसे गाव ओळखीचे होते.

यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. हा सारा किनारा कंपनीच्याच ताब्यातला होता. कंपनीने त्यांना आपल्या हद्दीतून बाहेर काढले होते, आणि वाऱ्याने त्यांना पुन्हा कंपनीच्याच हद्दीत आणून सोडले. हुकूम कलकत्त्यात सुटला खरा, पण एका आजारी गरोदर बाईला जमिनीवर पाय टेकवायला मिळाले ते वाऱ्याच्या मर्जीने. याला लगेच चमत्कार म्हणण्याची घाई मी करणार नाही. मात्र माणसाने बंद केलेला किनारा देव कोणत्या वाटेने उघडील हे सांगता येत नाही, एवढे तरी यातून दिसते.

दोन आठवडे

कोरिंग्यात त्यांचा मुक्काम सुमारे दोन आठवडे झाला. न्यूएल यांनी नंतर हॅरिएटबाईंच्या आईला सविस्तर पत्र लिहिले. त्यात हा मुक्काम थोडक्यातच येतो. सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच : हॅरिएटबाई तिथे बऱ्या झाल्या.

मिशनच्या अहवालात घालण्यासारखे त्या दोन आठवड्यांत काही नाही. शाळा उघडली नाही, पुस्तक छापले नाही, कोणाचा बाप्तिस्मा झाला नाही. जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवल्या जात होत्या आणि एक बाई अंथरुणातून उठण्याइतकी शक्ती मिळवत होती. आणि तिच्या नवऱ्याने, जो जगाला सुवार्ता सांगायला निघाला होता, त्या दिवसांत बायकोची काळजी घेतली. आपण याला काय नाव देऊ? वाया गेलेले दिवस?

ज्या गावात ते थांबले होते त्या गावाला समुद्राचा स्वभाव चांगला माहीत होता. तेवीस वर्षांपूर्वी, १७८९ च्या डिसेंबरात, मोठे वादळ होऊन समुद्राच्या तीन प्रचंड लाटा या किनाऱ्यावर चढल्या होत्या आणि कोरिंगा जवळजवळ पुसले गेले होते. १८१२ मध्ये ज्यांनी या जहाजाची दुरुस्ती केली त्यांच्यात त्या लाटांतून वाचलेले लोक असणारच. गाव पुन्हा उभे राहिले होते, गोदी पुन्हा चालू होती. पुढे १८३९ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसेच वादळ आले आणि बंदराचे वैभव संपले. कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांनी १८४० च्या दशकात अशा वादळांचा अभ्यास करून 'सायक्लोन' हा शब्द जगाला दिला. त्यांच्या लिखाणात कोरिंग्याच्या १७८९ च्या वादळाचे वर्णन आहे. आज आपण वृत्तपत्रात वाचतो तो शब्द रूढ होण्यामागे या लहान बंदराचे दुःखही आहे. सध्या तिथे खारफुटीचे मोठे जंगल आणि अभयारण्य आहे. वादळाची धार बोथट करायला ती झाडे उपयोगी पडतात.

लूकाने मिलिताच्या लोकांविषयी लिहिताना त्यांच्या दयाळूपणाचा उल्लेख केला आहे. त्यांची भाषा वेगळी होती, धर्म वेगळा होता. भिजलेल्या परक्यांसाठी त्यांनी शेकोटी पेटवली, एवढी गोष्ट पवित्र शास्त्रात कायमची नोंदली गेली. किनाऱ्यावरचे लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. कोणाचे जहाज, कोणता धर्म, हे विचारण्याआधी दोर फेकला जातो. आपल्या मिशनचा इतिहास सांगताना आपण मिशनऱ्यांनी इथल्या लोकांसाठी काय केले ते सांगतो, आणि ते सांगायलाच हवे. पण ते इथे आले तेव्हा प्रथम इथल्या सुतारांनी त्यांचे जहाज सांधले. उपकाराची सुरुवात इकडून झाली.

पुन्हा समुद्रावर

सप्टेंबरच्या उत्तरार्धात जहाज पुन्हा निघाले. इथून पुढची हकिगत सांगताना मन जड होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मॉरिशस अजून काही आठवडे दूर असताना, जहाजाच्या खोलीत हॅरिएटबाई बाळंत झाल्या. ना वैद्य, ना सुईण, ना कोणी बाई सोबतीला. नवरा एकटा. मुलगी झाली आणि ती निरोगी होती. काही दिवसांनी वारा-पावसाचे जोरदार वादळ आले. ओल आणि गारठा त्या खोलीत शिरला. बाळाला थंडी बाधली. आईबापांनी तिचा बाप्तिस्मा केला, आईचेच नाव तिला दिले, आणि पाच दिवसांच्या त्या मुलीला समुद्राच्या स्वाधीन केले.

त्याच महिन्यात हॅरिएटबाई एकोणीस वर्षांच्या झाल्या. त्यांची प्रकृती पुन्हा खालावली आणि ती क्षयाची लक्षणे होती. नोव्हेंबरात जहाज पोर्ट लुईला लागले. तिथे वैद्य होते, जमीन होती, पण आता उशीर झाला होता. त्यांनी आईला आणि भावंडांना निरोप सांगून ठेवले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. जडसन पतीपत्नी जानेवारीत मॉरिशसला आले तेव्हा अ‍ॅनला मैत्रिणीऐवजी मैत्रिणीची कबर भेटली.

ही हकिगत सांगितली की लगेच दिलासा शोधावासा वाटतो. तो शोधणाऱ्यांना साहित्यही भरपूर आहे. हॅरिएटबाईंची रोजनिशी आणि पत्रे १८१४ पासून छापली गेली, पुन्हा पुन्हा छापली गेली. अमेरिकेत असंख्य मुलींना त्यांचे नाव ठेवले गेले. ते पुस्तक वाचून किती बायका मिशनच्या कामाला लागल्या याची गणती नाही. म्हणजे गव्हाचा दाणा जमिनीत पडला आणि पीक आले, असे म्हणून आपण पुस्तक मिटू शकतो.

मला तसे मिटवता येत नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायातले गव्हाच्या दाण्याविषयीचे वचन प्रभूने स्वतःच्या मरणाविषयी उच्चारले आहे. दुसऱ्याच्या तान्ह्या लेकराच्या मरणाचा हिशेब पुरा करायला ते वापरताना आपली जीभ अडखळली पाहिजे. पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघाल्या तरी पाच दिवसांची ती मुलगी आईच्या कुशीत परत येत नाही. पुनरुत्थानाची आशा आहे म्हणूनच आपण हे स्पष्ट बोलू शकतो. त्या दिवशी प्रभू काय भरून देणार आहे ते आज आपण आपल्या आकड्यांनी भरून दाखवायची गरज नाही.

मग ते दोन आठवडे कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पौलाच्या गोष्टीत थांबण्याचा धडा सरळ आहे. सुंदर बंदर नावाच्या ठिकाणी पौलाने बजावले होते की आता पुढे जाण्यात धोका आहे. शताधिपतीने तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही म्हणून ते निघाले आणि जहाज गमावून बसले. जे थांबले नाहीत त्यांचे नुकसान झाले. धडा स्पष्ट.

कोरिंग्याची गोष्ट इतकी सरळ नाही. ते थांबले. जहाज दुरुस्त केले. बाई बरी झाली. सगळे शहाणपणाने केले, आणि तरीही पुढे वादळ आलेच. 'थांबा, प्रार्थना करा, मग सारे ठीक होईल' असे ज्यांना ऐकायचे आहे त्यांना ही गोष्ट आवडणार नाही. थांबण्याने पुढच्या वादळापासून सुटकेची हमी मिळत नाही.

तर मग त्या दोन आठवड्यांची किंमत काय? माझे मत असे आहे. त्यांची किंमत पुढे काय झाले यावर ठरत नाही. एका आजारी बाईला ताप उतरल्यावर मोकळी हवा मिळाली, हे स्वतःच चांगले होते. एका नवऱ्याने तिची सेवा केली, ती स्वतःच प्रभूची सेवा होती. पुब्ल्याचा बाप बरा झाला, पुढे तो किती वर्षे जगला हे लूक सांगत नाही. सांगायची त्याला गरज वाटली नाही. त्या दिवशी त्याचा ताप उतरला, आणि त्यात देवाची कृपा पुरी होती.

आपण मात्र पाचारण आणि काम या दोन गोष्टींची गल्लत करतो. न्यूएल यांना वाटत असणार की आपले काम कुठेतरी पुढे, किनाऱ्यापलीकडे आहे, आणि कोरिंगा हा वाटेतला अडथळा आहे. पण बोलावणारा प्रभू काही मुंबईत वाट पाहत बसला नव्हता. तो कोरिंग्यात होता. त्या दिवसांचे पाचारण होते, बायकोच्या उशाशी बसणे. ते त्यांनी केले. पुढे जहाजाच्या खोलीत सुईणीचे काम करावे लागले, तेही केले. ज्याला आपण सेवेतला खंड म्हणतो तो पुष्कळदा सेवेचाच भाग असतो. फरक एवढाच की त्याचा अहवाल जात नाही.

मुंबईकडे

इतिहास पुरा केला पाहिजे. हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. त्यांनाही हद्दपारीचा हुकूम मिळाला. निसटून ते कोचीनपर्यंत गेले आणि तिथून परत आणले गेले. पुढे त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनरींना दार उघडले आणि गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांनी त्यांना मुंबईत राहू दिले.

न्यूएल मॉरिशसहून श्रीलंकेला गेले, काही महिने तिथे काम केले, आणि १८१४ साली मुंबईत आपल्या सोबत्यांना येऊन मिळाले. सेलमला पाच जणांना एकत्र दीक्षा मिळाली होती. जडसन ब्रह्मदेशात गेले होते, राइस अमेरिकेला परतले होते. उरलेले तिघे मुंबईत भेटले. न्यूएल एकटे आले. त्यांनी मराठी शिकली, शाळा चालवल्या, रस्त्यांवर आणि बाजारात सुवार्ता सांगितली. ३० मे १८२१ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. त्याआधी, १८१८ साली, जगभरच्या सुवार्ताकार्याविषयी हॉल आणि न्यूएल यांनी मिळून लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले होते. १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. १८२६ साली मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये गॉर्डन हॉलही नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. १८३१ साली अहमदनगरचे काम सुरू झाले, १८४२ साली 'ज्ञानोदय'. १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा याच मिशनमध्ये झाला.

आपल्यातल्या कित्येकांच्या आजी-आजोबांची नावे त्या मिशनच्या रजिस्टरांत आहेत. तिथून कोणी रेल्वेच्या, कोणी इस्पितळाच्या, कोणी शाळेच्या नोकरीने इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव असे पसरले आणि आज आपण आपल्या भाषेत उपासना करतो. न्यूएल यांनी हे पाहिले नाही, हॅरिएटबाईंनी तर मुंबईचा किनाराही पाहिला नाही. कोरिंग्याचा मुक्काम झाला म्हणून आपली मंडळी उभी राहिली असे मी म्हणत नाही. मात्र जे लोक इकडे आले ते कशातून आले हे आपल्याला ठाऊक असावे. मुंबईच्या शाळेत बसून अक्षरे शिकवणाऱ्या त्या माणसाच्या मागे एक समुद्र होता.

आपला पावसाळा

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मासेमारी करणाऱ्या घरांना हे सगळे नवीन नाही. जून लागला की होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर आता सरकारी नियमानेही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फाटलेली जाळी सांधली जातात, इंजिने उघडली जातात, फळ्या बदलल्या जातात. कोळी समाजात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला विश्रांती असते. गोव्यात बार्देस आणि सासष्टीतल्या काही गावांत २९ जूनला, संत पेत्राच्या सणाला, होड्या एकमेकींना बांधून त्यांची सांगड करतात आणि त्यावर गाणी, नाटके होतात. पेत्र स्वतः मासे धरणारा होता. ज्या दिवसांत होडी कामाला जात नाही त्या दिवसांत तिचाच रंगमंच होतो. त्या दोन महिन्यांना कोणी वाया गेले म्हणत नाही. जाळे सांधले नाही तर ऑगस्टमध्ये काय टाकणार?

पण आपण, ज्यांचा समुद्राशी संबंध उरलेला नाही, ही गोष्ट विसरलो आहोत. आपल्या मंडळीत कोणाचा मुलगा शिक्षण पुरे करून दोन वर्षे नोकरीची वाट पाहत असतो. रविवारी चर्चच्या दारात त्याला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, आणि हळूहळू तो यायचा बंद होतो. कोणी बहीण सासूच्या आजारपणात घरी अडकलेली असते आणि 'हल्ली बायकांच्या सभेत दिसत नाही' असे तिच्या कानावर येते. कोणाचा नवरा जहाजावर नोकरीला असतो, सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर त्याची वाट पाहते. गोव्यात तर अशी घरे गल्लोगल्ली आहेत. किमोथेरपी चालू असलेला एखादा भाऊ सेवेतून बाजूला झालो म्हणून खंत करतो. ही सारी माणसे आपापल्या कोरिंग्यात आहेत. त्यांची गलबते दुरुस्तीला लागली आहेत. आणि मंडळी त्यांच्याकडे पाहते ती जणू ते प्रवासातून बाद झाले आहेत अशा नजरेने.

अशा वेळी उपदेश कमी आणि शेकोटी जास्त उपयोगी पडते. मिलिताच्या लोकांनी पौलाला त्याच्या वादळाचे कारण विचारण्याआधी लाकडे गोळा केली. आपण डबा नेऊ शकतो. इस्पितळात एक रात्र बसू शकतो. नोकरीचा प्रश्न न विचारता त्या मुलाला चहाला बोलावू शकतो. आणि जो थांबला आहे त्याला सांगू शकतो की हे दिवसही तुझ्या पाचारणाचेच आहेत. पुढे वादळ येणार नाही असे मात्र सांगू नये, कारण ते आपल्याला ठाऊक नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगातल्या अनेक मंडळ्या दर्यावर्दींसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी प्रार्थना करतात. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा असतो. त्या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढवावे असे आपापल्या पाळकांना सुचवून पाहा : जे जहाजावर आहेत त्यांच्यासाठी, जे किनाऱ्यावर वाट पाहतात त्यांच्यासाठी, आणि जे आसरा देतात त्यांच्यासाठी. हॅरिएटबाईंचे आणि त्यांच्या लेकीचे नाव घ्यायलाही हरकत नाही. दोघींचे नाव एकच होते.

प्रार्थना

हे प्रभू, वाऱ्याला आणि समुद्राला तू धमकावतोस हे आम्ही वाचले आहे. पण होडी हलत असताना तू तिच्यात उशी घेऊन निजला होतास, हेही आम्ही वाचले आहे. जे आज अडकून पडले आहेत, आजाराने, बेकारीने, कोणाच्या हुकुमाने, त्यांच्याजवळ राहा. त्यांच्या थांबण्याला आम्ही आळस म्हणू नये. ज्या आईबापांनी लेकरे गमावली आहेत त्यांच्यापुढे आमचे तोंड आवर, आणि आमचे हात त्यांच्या कामी लाव. जहाज दुरुस्त करणारे, शेकोटी पेटवणारे, उशाशी जागणारे, ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत ती तुला ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दल तुझे आभार मानतो. येशूच्या नावाने. आमेन.